घाटात रेलचा दाब पडतोय, गळती मात्र कुठंच दिसत नाही: पंप बदलू का?

करवीर_डिझेल
सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. गाडी २०१६ ची, बीएस-४, २.२ लिटर कॉमन रेल (पंप जास्त दाबानं डिझेल ‘रेल’ नावाच्या एका सामाईक नळीत भरतो आणि तिथून ते इंजिनात फवारणाऱ्या इंजेक्टरांना जातं), सात आसनी. १,३८,००० किलोमीटर झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर चर्चा कंपन्यांवरच जाते. माझा प्रश्न बहुतेक सगळ्याच कॉमन रेल गाड्यांना लागू असावा.

गाडी घरची, पण निम्मी तालमीची. जत्रांचा हंगाम सुरू झाला की पोरांना मैदानाला न्यायचं काम हिच्यावरच असतं. त्यामुळं ती बंद पडून चालत नाही.

महिन्याभरापूर्वी सकाळच्या स्टार्टिंगला त्रास सुरू झाला. अर्ध्या सेल्फला लागणारी गाडी आठ-दहा सेकंद सेल्फ घ्यायला लागली. एकदा लागली की दिवसभर नीट. परवा रविवारी कुणकेश्वराहून परतत होतो. आत सात जण, त्यातले पाच पैलवान. फोंडा घाटात तिसऱ्या गियरला चढताना एकदम ओढ गेली, चेकलाइट लागली आणि इंजिन २००० आरपीएमच्या वर जाईना. बाजूला घेऊन बंद केली, पुन्हा सुरू केली, तर दाजीपूरपर्यंत आली. पुढं राधानगरीपर्यंत जीव मुठीत धरूनच आणली.

कोल्हापुरात एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. कोड पी००८७, म्हणजे रेलचा दाब मागणीपेक्षा कमी. पाच मिनिटांत निकाल सांगितला: हाय प्रेशर पंप गेलाय, त्याच्यासोबत चारी इंजेक्टर बदलून घ्या. आकडा लाखाच्या वर.

बॉनेट उघडलं की डिझेलचा मंद वास येतो. पण खाली थेंब नाही. रात्रभर गाडीखाली पुठ्ठा अंथरून बघितला, सकाळी कोरडा ठणठणीत. डिझेल फिल्टर दोन महिन्यांपूर्वीच रस्त्याकडेच्या एका गॅरेजात बदललाय. गळती नाही, तर दाब जातोय कुठं?

भोगावती_काठ
सोमवार, रात्री १०.०५

भावा, लाख रुपये घालायची घाई करू नको. आमच्या ट्रॅक्टरला असं झालं की आम्ही काय करतो सांगतो. इंजिन चालू ठेवायचं आणि पान्यानं एकेका नोझलच्या पाइपाचा नट पाव आटा ढिला करायचा. नट ढिला केल्यावर इंजिनचा आवाज बदलला तर ती नोझल चांगली, बदलला न्हाई तर तीच खराब. दहा मिनिटांचं काम हाय, पैसा लागत न्हाई.

उद्यमनगर_पंपनोझल
सोमवार, रात्री १०.११

थांबा. करवीर दादा, वरचं काम तुमच्या गाडीवर अजिबात करू नका. उद्या सकाळी दुकानात जाऊन सविस्तर लिहिणार होतो, पण हे वाचून आत्ताच लिहितोय.

भोगावतीकाठच्या काकांनी सांगितलेली रीत जुन्या पंपाच्या इंजिनाला बरोबर आहे. मी स्वतः तीच शिकून मोठा झालो. ट्रॅक्टरची नोझल साधारण २०० बारला उघडते. तुमच्या रेलमध्ये पूर्ण लोडवर १६०० बारपर्यंत दाब असतो, नुसत्या आयडलला, म्हणजे पाय न दाबता इंजिन चालू असताना, अडीचशे-तीनशे. गाडीच्या टायरमध्ये सव्वादोन बार हवा असते, त्यावरून अंदाज करा. १६०० बार म्हणजे नखाएवढ्या जागेवर दीड टनाच्या वर भार.

चालू इंजिनवर तो नट ढिला केला की डिझेल थेंबथेंब गळत नाही, डोळ्याला न दिसणारी धार होऊन सुटतं. ती धार हातमोजा फाडून कातडीत घुसते. शंभर-दीडशे बारसुद्धा त्याला पुरतात. घुसताना सुई टोचल्यागत वाटतं, रक्तही फारसं येत नाही. माणूस म्हणतो काही झालं नाही, आणि काम करत राहतो. चार-पाच तासांनी बोट सुजतं, काळंनिळं पडतं. आतलं डिझेल तोवर शिरांच्या कडेनं तळहातापर्यंत पोचलेलं असतं. हे शस्त्रक्रियेचं काम आहे, मलमाचं नाही. कुणाला असं झालं तर वाट बघू नका. सरळ कोल्हापुरातल्या सीपीआर सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की जास्त दाबाचं डिझेल आत घुसलंय. नुसतं ‘बोटाला लागलंय’ म्हटलं तर टिटॅनसचं इंजेक्शन देऊन घरी पाठवतील.

त्यामुळं नियम साधा. चालू कॉमन रेल इंजिनवर हाय प्रेशरच्या नळीला पाना लावायचा नाही. गळतीचा संशय आला तर हात फिरवायचा नाही, काठीला पुठ्ठा बांधून तो लांबून नळीजवळ फिरवायचा. धार असेल तर पुठ्ठ्यावर ओल उमटते. डोळ्यांना चष्मा लावायचा. काही खोलायचं असेल तर इंजिन बंद करून निदान दहा मिनिटं थांबायचं आणि स्कॅनरवर रेलचा दाब उतरलेला बघायचा.

बाकीचं उद्या.

भोगावती_काठ
सोमवार, रात्री १०.२६

मिस्त्री, बरं झालं लगेच लिहिलंत. मला हे माहीत नव्हतं. आमच्या गावात दोन पोरं नवीन जीपगाड्यांवर असंच करत्यात, मी डोळ्यांनी बघितलंय. उद्या जाऊन सांगतो. करवीर भावा, माझं वरचं लिहिलेलं धरू नको.

मास्तर_आयटीआय
मंगळवार, सकाळी ७.१५

सुप्रभात. मी डिझेल मेकॅनिकचा ट्रेड शिकवतो. मिस्त्रींनी सुरक्षिततेचं सांगितलंच आहे, ते पहिल्या क्रमांकावर ठेवा.

आता कोडबद्दल. पी००८७ पंप खराब आहे असं म्हणत नाही. तो एवढंच म्हणतो की संगणकानं मागितला तेवढा दाब रेलमध्ये आला नाही. विहिरीवरची मोटर चालू आहे आणि टाकी भरत नाही, तर आपण लगेच मोटर बदलत नाही. आधी विहिरीत पाणी आहे का, फूटव्हॉल्व्ह हवा घेतोय का, पाइप कुठं फुटलाय का, हे बघतो. इथंही तसंच. एक, पंपापर्यंत पुरेसं डिझेल पोचत नसेल, किंवा डिझेलसोबत हवा येत असेल. दोन, पंप किंवा त्यावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल सोडायचं ते ठरवणारा) दमला असेल. तीन, तयार झालेला दाब कुठूनतरी निसटत असेल. हे निसटणं बहुतेकदा बाहेर दिसत नाही, कारण ते इंजेक्टरच्या रिटर्न वाटेनं किंवा रेलच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून परत टाकीत जातं. चार, दाब बरोबर असेल पण सेन्सर खोटं सांगत असेल.

करवीर, मला दोन गोष्टी हव्यात. तुमच्या टाकीत विजेचा पंप आहे का? चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद गुणगुणल्यासारखा आवाज येतो का, ते बघा. आणि स्कॅनरवर नुसता कोड वाचू नका; लाइव्ह डेटात मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब शेजारी शेजारी ठेवून तीन वेळचे आकडे लिहा: सकाळी सेल्फ मारताना, आयडलला आणि चढाला. रात्रभर उभ्या गाडीत चावी ऑन करून सेल्फ न मारता काय दिसतं, तेही बघा. तिथं आकडा शून्याच्या आसपास असायला हवा. मल्टिमीटर असेल तर सेन्सरच्या सिग्नल वायरवर साधारण अर्धा व्होल्ट. तिथंच दोनशे-तीनशे बार दाखवत असेल तर सेन्सरवर संशय घ्यायचा.

करवीर_डिझेल
बुधवार, रात्री ८.५०

मास्तर, मिस्त्री, दोघांचे आभार. मित्राकडून स्कॅनर आणला आणि दोन दिवस बसून आकडे घेतले.

टाकीतून आवाज येत नाही. मॅन्युअलमध्येही टाकीत पंप असल्याचं कुठं लिहिलेलं नाही.

सकाळी, सेल्फच्या आधी: ० ते ५ बार.
सेल्फ मारताना: ६० ते ९० वर घुटमळत राहिला, आठ सेकंदांनी २३० झाला आणि इंजिन लागलं.
आयडल, गरम इंजिन: मागणी २८०, प्रत्यक्ष २७५ ते २८५.
जोतिबाच्या चढावर तिसऱ्या गियरला, पाय पूर्ण दाबून: मागणी १३५०, प्रत्यक्ष ९००. आणि लगेच चेकलाइट.

उद्यमनगर_पंपनोझल
बुधवार, रात्री ९.२०

सेन्सर खरं बोलतोय. आयडलला पंप दाब नीट धरतोय. यावरून पंप शंभर टक्के चांगला असं म्हणता येत नाही, पण मेला नक्कीच नाही. कमी डिझेल लागतं तिथं पुरतं, जास्त लागतं तिथं पडतं. हे चित्र पंपाला खायला कमी मिळतंय याचं असतं, किंवा इंजेक्टर रिटर्नला जास्त सोडतात त्याचं.

दुसरं आधी तपासून बाजूला काढू. कुठल्याही पंप-नोझलवाल्याकडं रिटर्न टेस्टच्या चार बाटल्या असतात. चारी इंजेक्टरच्या रिटर्नला नळ्या लावायच्या, इंजिन आयडलला दोन मिनिटं ठेवायचं आणि बाटल्यांतली पातळी बघायची. एकात इतरांच्या दुप्पट-तिप्पट आलं तर तो इंजेक्टर आतून झिजलाय. चारीत सारखं आणि थोडं आलं तर इंजेक्टरवर एक रुपया घालू नका. रिटर्नच्या नळ्यांत दाब फारसा नसतो, पण क्लिपा नाजूक असतात, ओढून काढू नका.

टाकीत पंप नाही म्हणजे तुमच्या हाय प्रेशर पंपाच्या मागंच छोटा गिअर पंप आहे आणि तोच टाकीपासून डिझेल ओढून आणतो. हे महत्त्वाचं. अशा गाडीत टाकी ते पंप ही सगळी वाट ओढीवर चालते. तिथं भोक पडलं तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते.

पुणे_हायवे_४८
बुधवार, रात्री ९.४५

माझ्या गाडीला पंपावर मिळणारी अॅडिटिव्हची बाटली टाकल्यावर फरक पडला होता. आधी ते करून बघा, स्वस्तात होईल.

मास्तर_आयटीआय
बुधवार, रात्री १०.०२

नोझलच्या टोकाला साठलेलं कार्बन थोडंफार निघायला चांगल्या अॅडिटिव्हचा उपयोग होतो, नाही असं नाही. पण सेल्फला ६० बारवर अडकणारा दाब बाटलीनं वाढणार नाही. आत्ता काही टाकू नका. तपास चालू असताना एक गोष्ट बदलली की आधीच्या आकड्यांशी तुलना राहत नाही.

पन्हाळ्याचा_उतार
बुधवार, रात्री १०.३०

करवीर दादा, एक साधा प्रश्न. गाडी रात्री कशी लावता? नाक वर का नाक खाली?

आमचं घर पन्हाळ्यावर उतारालाच आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या पिकअपला अगदी असंच होत होतं. नाक चढाकडं करून लावली की सकाळी रडायची, उलटी लावली की एका सेल्फला लागायची. मला हे लक्षात यायला तीन आठवडे गेले.

करवीर_डिझेल
गुरुवार, सकाळी ७.५५

पन्हाळाकर, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. आमची गल्ली चढाची आहे आणि गाडी रोज नाक वर करूनच लागते. काल तुमचं वाचून रात्री अकराला उठून गाडी फिरवून लावली. आज सकाळी दोन सेकंदांत सुरू. स्कॅनरवर दाब सरळ २५० ला गेला.

आणि आणखी एक. पुठ्ठा आजही अंथरला होता. खाली थेंब नाहीच, पण आज बॉनेटमधला वास जास्त आहे.

मास्तर_आयटीआय
गुरुवार, सकाळी ८.२०

उत्तम निरीक्षण. आता कारण समजून घ्या, म्हणजे पुढं कुठं शोधायचं ते आपोआप कळेल.

नाक वर असताना टाकी खालच्या बाजूला राहते. नळीत कुठंतरी बारीक वाट असली की तिथून हवा शिरते आणि डिझेल रात्रभर हळूहळू टाकीकडं उतरतं. सकाळी गिअर पंपाला आधी ती हवा ओढून संपवावी लागते. हवा दाबली जाते, डिझेल जवळजवळ दाबलं जात नाही. पंपाच्या सिलिंडरात डिझेलऐवजी फेस आला तर दट्ट्या तो फेसच दाबत बसतो आणि रेलला काही जात नाही. ते आठ सेकंद या कामात जातात.

नाक खाली असताना टाकी वर राहते. डिझेल परत उतरत नाही, उलट त्याच बारीक वाटेनं बाहेर पाझरतं. म्हणून स्टार्टिंग छान आणि वास जास्त. तुमचा पहिला पुठ्ठा नाक वर असताना अंथरलेला होता, तो कोरडा राहणारच. आजचा पुठ्ठा का कोरडा, हे मात्र बघायला हवं. इंजिनखाली प्लॅस्टिकचं कव्हर आहे का? ते काढून त्याची वरची बाजू बघा. तिथं कुठं धूळ ओली होऊन चिकटली आहे?

शिरोळची_ताई
गुरुवार, दुपारी १.१०

धागा पहिल्यापासून वाचतेय, खूप शिकायला मिळतंय. मध्येच विचारते, राग मानू नका. आमची डिझेल गाडी २०१९ च्या ऑगस्टच्या पुरात बॉनेटपर्यंत पाण्यात होती. तेव्हा टाकी उतरवून साफ केली, गाडी चालतेय. पण दर पावसाळ्यात डिझेलमध्ये पाणी असल्याचा दिवा एकदा तरी लागतो. फिल्टरखालचा स्क्रू ढिला करून पाणी सोडलं की जातो. असंच चालू ठेवलं तर चालेल का?

उद्यमनगर_पंपनोझल
गुरुवार, दुपारी २.३०

ताई, दिवा लागल्या लागल्या पाणी सोडताय ते बरोबरच करताय. पण दर वर्षी पाणी येतंय म्हणजे कुठूनतरी शिरतंय. टाकीच्या झाकणाची रबरी रिंग आणि टाकीच्या हवेच्या नळीचं तोंड बघून घ्या. पुरात गाळ बसून ही नळी निसटलेली असते आणि चाकाचं पाणी थेट तिच्यावर उडतं. पावसाळ्यात टाकी निम्म्याच्या खाली ठेवू नका, रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी धरतं.

डिझेल पाण्यापेक्षा हलकं असतं, लिटरला साधारण ८३० ग्रॅम, म्हणून पाणी तळाशी बसतं आणि फिल्टरच्या खालच्या वाटीत सापडतं. या पंपांना वेगळं ऑइल नसतं, डिझेल हेच त्यांचं वंगण. पाणी आत गेलं की पंप कोरडा घासतो, लोखंडाचा कीस सुटतो आणि तो कीस रेल, इंजेक्टर, रिटर्न, टाकी असा सगळीकडं फिरतो. मग खरोखर लाखाचं काम निघतं. आणि पूर परत आला, गाडी बुडाली, तर पाणी ओसरल्यावर ‘बघू तरी लागते का’ म्हणून चावी फिरवायची नाही. २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा माझ्याकडं आलेल्या गाड्यांत ज्यांनी चावी फिरवली नव्हती त्यांचे पंप वाचले.

शिरोळची_ताई
गुरुवार, दुपारी २.५२

धन्यवाद मिस्त्री. रविवारी हवेची नळी बघते आणि इथं कळवते.

करवीर_डिझेल
शनिवार, रात्री ९.१५

मोठं अपडेट आहे, जरा सविस्तर लिहितो.

सकाळी गाडी उद्यमनगरात मिस्त्रींच्या दुकानात नेली. आधी रिटर्न टेस्ट. दोन मिनिटांत चार बाटल्यांत १८, २०, १९ आणि २२ मिली. चारी इंजेक्टर नीट. ज्या इंजेक्टरांसाठी माझ्याकडून पैसे घेतले जाणार होते, ते हेच.

मग फिल्टरच्या दोन्ही बाजूंना वीतभर पारदर्शक नळीचे तुकडे जोडले. टाकीकडून फिल्टरला येणाऱ्या नळीत डिझेल स्वच्छ, एक बुडबुडा नाही. फिल्टरमधून पंपाकडं जाणाऱ्या नळीत मात्र मोत्यांच्या माळेसारखे बुडबुडे. म्हणजे हवा फिल्टरमध्येच शिरतेय. खालचं प्लॅस्टिक कव्हर काढलं. बरोबर फिल्टरखाली तळहाताएवढी धूळ भिजून घट्ट चिखल झालेली. थेंब तिथंच मुरत होता, म्हणून पुठ्ठ्यापर्यंत काही पोचत नव्हतं.

फिल्टरच्या तळाला पाण्याचा सेन्सर असतो. फिल्टर बदलताना तो जुन्यातून काढून नव्यात बसवावा लागतो, आणि त्याची ओ-रिंग नवी घालायची असते. आमच्या गाडीत जुनीच रिंग परत बसवली होती. ती चपटी झाली होती आणि एका बाजूला आट्यात चिरडून नखभर कापली गेली होती. नव्या फिल्टरसोबतची रिंग दुकानात विचारली, चाळीस रुपयांना मिळाली. बसवण्याआधी तिला डिझेलचं बोट लावलं, सेन्सर हातानं घट्ट केला, हातपंपानं एअर काढली. बुडबुडे बंद.

नाक वर करून चार तास उभी केली. दीड सेकंदात सुरू.

खूश होऊन संध्याकाळी जोतिबाला गेलो. मागणी १३५०, प्रत्यक्ष ११००. पुन्हा चेकलाइट. आधीच्या ९०० पेक्षा बरं, पण चढाला अजून पडतोच. आता पंपच का?

उद्यमनगर_पंपनोझल
शनिवार, रात्री १०.००

नाही. धीर धरा. एक गाठ सुटली, दुसरी त्याच्या मागं असावी. दोन दोष एकत्र असले की एक दुरुस्त केल्यावर माणूस हिरमुसतो आणि नेमका तिथंच महाग पार्ट घेऊन बसतो. माझ्याकडं असे पंप येतात, टेस्ट बेंचवर लावले की पूर्ण दाब देतात. मालकानं तोवर नवा घेतलेला असतो.

आता बुडबुडे नाहीत, पण डिझेल कमी येत असेल. सोमवारी या. ओढीचा दाब मोजायचा घड्याळवाला गेज लावू. आधी फिल्टर आणि पंपाच्या मध्ये, मग फिल्टरच्या आधी. दोन्हीकडं ओढ जास्त दिसली तर अडथळा फिल्टरच्या मागं, टाकीकडं. फक्त फिल्टरनंतर जास्त दिसली तर फिल्टर चोंदलाय.

भोगावती_काठ
रविवार, सकाळी ६.४०

गावातल्या त्या दोन्ही पोरांना भेटून आलो. त्यातल्या एकाच्या अंगठ्याला मागच्या वर्षी असंच टोचलं होतं, तीन आठवडे काम बंद होतं म्हणाला. त्याला कारण आत्ता कळलं. दोघांनी काठीला पुठ्ठा बांधून भिंतीला टांगून ठेवलाय.

करवीर_डिझेल
सोमवार, रात्री ९.३०

सापडलं. आणि बघून वाईटही वाटलं.

गेज फिल्टरच्या आधी लावला. आयडलला ठीक. जागेवर ३००० आरपीएमला रेस दिल्यावर ओढ ०.४५ बारपर्यंत गेली. मग मिस्त्रींनी टाकीकडची नळी सोडून फिल्टरला स्वच्छ डिझेलच्या कॅनमधून दुसरी नळी जोडली. तीच रेस, ओढ ०.१. म्हणजे अडथळा टाकी आणि फिल्टरच्या मध्ये कुठंतरी. टाकीचं तोंड, आतली जाळी बघितली, स्वच्छ. चेसिसखालची लोखंडी नळी हवेनं फुंकली, मोकळी. उरला रबराचा दीड वीतभर तुकडा, जो लोखंडी नळी आणि फिल्टर जोडतो.

तो मागच्या वर्षी उंदरानं कुरतडला म्हणून बदलला होता. बाहेरून नवाकोरा. मिस्त्रींनी तो उभा चिरला, तर आतला थर फुगून, सुटून, जिभेसारखा आत लोंबत होता. हळू ओढलं तर बाजूनं डिझेल जातं. जोरात ओढलं की ती जीभ ओढली जाऊन वाट बंद करते. म्हणून आयडलला सगळं झकास आणि घाटात गाडी बसायची.

मास्तर_आयटीआय
सोमवार, रात्री १०.१०

ही गोष्ट मी वर्गात सांगणार आहे. रबर दिसायला सगळं काळंच, पण जात वेगळी असते. रेडिएटरच्या पाण्याला लागणारं ईपीडीएम रबर पाण्यात आणि ब्रेक ऑइलमध्ये उत्तम टिकतं, पण डिझेल-पेट्रोल लागलं की फुगतं आणि मऊ पडतं. डिझेलला नायट्राइल रबर लागतं, आणि जिथं उष्णता जास्त आहे तिथं व्हायटॉन. इंधनाच्या नळीवर ते छापलेलं असतं. मीटरवर कापून मिळणाऱ्या नळीवर काहीच छापलेलं नसेल तर ती इंधनाला घेऊ नका. ओ-रिंगचंही तसंच. मापाला बसली म्हणून चालत नाही.

क्लिपाबद्दलही सांगतो. तारेनं आवळलेली किंवा दातेरी पट्टीची जुनी क्लिप रबर कापते आणि तिथून पुन्हा हवा शिरते. दोन्ही टोकांना गुळगुळीत आतल्या बाजूची क्लिप लावा.

करवीर_डिझेल
बुधवार, रात्री ९.०५

नायट्राइलची छापील नळी, नव्या क्लिपा. कोड पुसला. आज संध्याकाळी पाच पैलवान आणि दोन आम्ही, तेच ओझं घेऊन जोतिबाचा चढ. तिसरा गियर, पाय पूर्ण खाली. मागणी १३५०, प्रत्यक्ष १३३५ ते १३४५. वर देवळापर्यंत चेकलाइट नाही. मागं बसलेल्या पोराच्या हातात स्कॅनर दिला होता, तो आकडे ओरडून सांगत होता.

एकूण खर्च: रिंग, नळी, क्लिपा आणि मिस्त्रींची मजुरी मिळून दोन हजारांच्या आत. मजुरी मिस्त्री कमी घेत होते, मी ऐकलं नाही. दोन दिवस त्यांचा वेळ गेलाय.

एक शेवटची शंका. इंजिन ऑइलची पातळी तपासली, मागच्या महिन्याएवढीच आहे. हे बघायची गरज होती का?

उद्यमनगर_पंपनोझल
बुधवार, रात्री ९.४०

होती, आणि तुम्ही स्वतःहून बघितलंत हे चांगलं. काही इंजिनांत पंपाचं शाफ्ट सील गेलं की डिझेल बाहेर न गळता इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढत जातं आणि त्याला डिझेलचा वास येतो. तसं दिसलं तर गाडी चालवायची नाही, पातळ ऑइलनं बेअरिंगं जातात. बीएस-६ गाडीत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, साफ होताना थोडं डिझेल ऑइलमध्ये उतरतं, ते वेगळं. तुमची पातळी स्थिर आहे म्हणजे ती काळजी नाही. १००० किलोमीटर झाले की एकदा फिल्टरखालचं कव्हर काढून धूळ कोरडी आहे का तेवढं बघा.

आणि ती चिरलेली नळी फेकू नका. माझ्या दुकानात दोन नवीन पोरं शिकायला आहेत, त्यांना दाखवायला द्या.

करवीर_डिझेल
बुधवार, रात्री ९.४४

फेकली नाही मिस्त्री, कापलेल्या रिंगेसकट डब्यात ठेवलीय. शुक्रवारी गुळाच्या खरेदीला त्याच बाजूला येतोय, घेऊन येतो.

शिरोळची_ताई
बुधवार, रात्री १०.२०

मिस्त्री, हवेची नळी खरंच निसटली होती. तोंड मागच्या चाकाकडं होतं आणि आत वाळलेला गाळ. धुऊन जागेवर बसवली, झाकणाची रिंगही नवी घातली. फिल्टरमधून आज पाणी सोडलं तेव्हा अर्धी वाटी निघालं. जूनमध्ये परत बघेन.